विजयकुमारांचा अर्धा तास

सेक्टर चाळीसच्या अपनी मंडीत, म्हणजे आठवडी भाजीबाजारात, विजयकुमार मेंगाणे शिरले की भाजीवाले एकमेकांना डोळ्यांनी खुणा करायचे. या माणसाच्या खिशात पाचशे ग्रॅमचं पितळी वजन असायचं. टोमॅटो घेण्याआधी ते काट्यावर ठेवून बघायचं, काटा खरा निघाला तर शाबासकी द्यायची आणि खोटा निघाला तर आपल्या कोल्हापुरी हिंदीत सगळ्या मंडीला ऐकवायचं. तेवढा वेळ त्यांच्या पत्नी वासंतीबाई चार टोपल्या पलीकडे कोथिंबीर निवडत उभ्या राहायच्या, यांच्याशी आपलं काही नातं नाही असा चेहरा करून.

सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या सरकारी प्रयोगशाळेत विजयकुमारांनी चौतीस वर्षं एकच काम केलं होतं. दुसऱ्यांची मापं तपासायची आणि बरोबर की चूक ते लिहून सही करायची. माणूस निवृत्त झाला, पण सहीचा हात काही निवृत्त झाला नाही. वासंतीबाईंच्या पोळ्यांची जाडी, जावयाचं गाडी चालवणं, टीव्हीवरच्या निवेदिकेचं मराठी, सगळ्यावर घरबसल्या निकाल लागत असे, आणि तो बहुधा चुकीचाच लागे.

निवृत्तीतला त्यांचा खरा जीव मागच्या खोलीत होता. तिथे त्यांचा रेडिओ संच होता आणि गच्चीवर तारेचा अँटेना. सरकारी परवाना काढून, स्वतःचं सांकेतिक नाव घेऊन जगभरच्या अनोळखी माणसांशी बिनतारी बोलायचं, असा हा हौशी रेडिओचा छंद. बोलणं दोन-चार वाक्यांचंच असतं. नाव, गाव, आवाज कसा येतोय, नमस्कार. पण कोणाशी कधी बोललो याची नोंद चोख ठेवावी लागते. त्या नोंदवहीला लॉग म्हणतात, आणि जगातले सगळे जण तीत ग्रीनिचची वेळ लिहितात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची.

पूर्वी विजयकुमारांची वही कागदी होती. दोन हजार चौदा साली त्यांनी ती बंद करून संगणकावर लॉगचं सॉफ्टवेअर घातलं. संगणक आपल्या वेळेतून फरक वजा करून ग्रीनिचची वेळ स्वतःच टाकायचा. मग तो लॉग एका संकेतस्थळावर चढवायचा. समोरच्यानेही त्याचा चढवलेला असतो. दोघांच्या नोंदी जुळल्या की त्या देशापुढे हिरवी खूण येते. शंभर देशांपुढे हिरवी खूण यावी, एवढी एकच इच्छा विजयकुमारांनी धरली होती. बोलून झालेले देश होते एकशे एकतीस. हिरव्या खुणा त्र्याहत्तरच्या पुढे सरकत नव्हत्या.

"निम्मं जग आळशी आहे," ते जेवताना म्हणायचे. "बोलायला पुढे, नोंद करायला मागे."

"असेल बाई," वासंतीबाई म्हणायच्या आणि आमटी वाढायच्या.

या फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं, की दोष जगाचा नसेल तर सॉफ्टवेअरचा असणार. तिसरी शक्यता त्यांच्या डोक्यात आली नाही. त्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. पासवर्ड बदलला. अकरा वर्षांच्या नोंदींची फाइल उघडून ओळीन्‌ओळ वाचली. आठवडाभर हा उद्योग चालला होता. वासंतीबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "त्या संगणकावर तुमचं पाचशे ग्रॅमचं वजन ठेवून बघा एकदा." यावर विजयकुमार हसले नाहीत.

शेवटी त्यांनी चौदा देशांतल्या चौदा जणांना पत्रं पाठवली. भाषा नम्र होती, पण आत खडा होता: आपण माझ्याशी बोललात, नोंद मात्र केलेली दिसत नाही.

पहिलं उत्तर फिनलंडहून आलं. तुम्ही माझ्या वहीत आहात, फक्त तुम्ही लिहिता त्याच्या अर्धा तास आधी, कृपया घड्याळ बघावं. विजयकुमारांनी ते वासंतीबाईंना वाचून दाखवलं. "मला घड्याळ बघायला सांगतोय," ते म्हणाले. दुसरं जपानमधून आलं, त्यातही अर्धाच तास. मग केनिया, मग पोर्तुगाल. तिसऱ्या दिवशी सात पत्रं झाली. सात देशांतली सात माणसं संगनमत करून बरोब्बर अर्धा तास चुकणार नाहीत, एवढा हिशेब त्यांना येत होता.

दुपारी जेवण न करताच ते सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये शिरले. एकदा भरल्यावर पुन्हा कोणी उघडत नाही, असं एक पान तिथे होतं. त्यावर एक चौकोन होता: ग्रीनिचपासूनचा फरक, तासांत. त्यात आकडा होता पाच. नुसता पाच. चौदा साली आपण तिथे काय टाकलं होतं ते त्यांना स्वच्छ आठवलं. आपल्याकडे सगळेच लिहितात तसं पाच, टिंब, तीस. पण तो चौकोन पूर्ण आकडाच घेणारा होता. अर्ध्या तासासाठी खाली वेगळा चौकोन दिलेला होता आणि तो रिकामा होता. यंत्राने तीस मिनिटं गुपचूप गाळून टाकली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने ते पान पुन्हा उघडून पाहिलं नाही.

बाकीचं कोडं मग आपोआप सुटलं. ते संकेतस्थळ दोन नोंदींमधला अर्ध्या तासापर्यंतचा फरक चालवून घेतं. विजयकुमार नेमके त्या काठावर अकरा वर्षं उभे होते. समोरच्याचं घड्याळ मिनिटभर पुढे असेल तर नोंद जुळायची, मिनिटभर मागे असेल तर नाही. म्हणून तर कधी संशय आला नाही. काहीच जुळलं नसतं तर पहिल्या महिन्यात चूक सापडली असती. निम्मं जुळत राहिलं, आणि उरलेल्या निम्म्यांना आळशी म्हणायची सोय झाली.

त्यांना आधी हसूच आलं. वासंतीबाईंना हाक मारायला म्हणून ते खुर्चीतून अर्धे उठले, आणि तसेच परत बसले. त्यांना ओजस्विनी आठवली होती.

ओजस्विनी म्हणजे विंग कमांडर अंबरीश सबनीस यांची मुलगी. सबनीस हवाई दलातून निवृत्त होऊन पंचकुल्यात राहिले होते. शहरात हा छंद करणारं दुसरं मराठी घर तेवढंच. दोन हजार अठरा साली मुलगी सोळा वर्षांची होती, नुकताच तिचा स्वतःचा परवाना आला होता, आणि इथल्या हौशी मंडळाच्या स्पर्धेत ती एकटी संचावर बसली होती. वडील त्या दिवशी दिल्लीला होते. स्पर्धा ग्रीनिच वेळेने बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला संपणार होती. जेवढ्यांशी बोलणं तेवढे गुण; तिला एखादा गुण मिळावा, पोरीचं कौतुक, म्हणून विजयकुमारांनी मुद्दाम संच लावला आणि तिच्याशी बोलले. तो एक गुण धरून ती पहिली आली.

मग मंडळाने वह्या ताडून पाहिल्या. तिच्या वहीत ते बोलणं अकरा अठ्ठेचाळीसला होतं, विजयकुमारांच्या लॉगमध्ये बारा अठराला. स्पर्धा संपल्यानंतर अठरा मिनिटांनी. मंडळाने विजयकुमारांना विचारलं. त्यांनी एक वाक्य सांगितलं: "माझं घड्याळ चुकत नाही." त्यापुढे कोणी काही विचारलं नाही, कारण त्यांची सही चौतीस वर्षं चालत आली होती. मुलीने वेळ मागे ओढून लिहिली असं ठरलं आणि तिचा निकाल रद्द झाला.

वासंतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अहो, साडेपाचला मी भिशीला निघाले तेव्हा तुम्ही संच बंद करून हॉलमध्ये पेपर वाचत होता की." विजयकुमारांनी त्यांना सांगितलं होतं, की स्वयंपाकघरातल्या घड्याळावर जग चालत नाही.

आणि मग सबनीस स्वतः मुलीला घेऊन या घरी आले होते. फौजी माणूस, खोटं खपवून घेणारा नव्हे. याच हॉलमध्ये ती उभी राहिली, डोळे फरशीवर, आणि म्हणाली, "सॉरी काका." विजयकुमारांनी तिला समोर बसवून वीस मिनिटं माप आणि चारित्र्य या विषयावर समजावलं. आपण किती मोठ्या मनाने क्षमा केली, असं वाटून त्या रात्री त्यांना झोपही छान लागली होती. मुलीने संचाला पुन्हा हात लावला नाही. आता ती मोहालीला, सेक्टर सदुसष्टमधल्या औषधनिर्माण संस्थेत शिकत होती. घर गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, तरी राहायची हॉस्टेलमध्येच. "अभ्यास फार असतो," असं सबनीस सांगायचे आणि विषय बदलायचे.

विजयकुमारांनी खालच्या चौकोनात तीस टाकले. जुन्या सगळ्या नोंदी दुरुस्त करू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि लॉग पुन्हा चढवला. संध्याकाळपर्यंत हिरव्या खुणा एकशे अठरा झाल्या.

"झाले का शंभर?" वासंतीबाईंनी विचारलं.

"झाले," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. वासंतीबाई भिशीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर विजयकुमारांना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी जाऊन या. फोनवर नका सांगू."

सकाळी धुकं होतं. पंचकुल्यापर्यंत टॅक्सीत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सबनीस चिडतील, चार शब्द सुनावतील, मग आपण मंडळाला पत्र लिहू, निकाल बदलून घेऊ, मुलीच्या हातात प्रमाणपत्र देऊ. रागाची त्यांनी पुरेपूर तयारी केली होती.

सबनीस चिडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, सेटिंग्जच्या त्या पानाची छापील प्रत आणि फिनलंडचं पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, "पक्कं?"

"पक्कं, अंबरीशराव. चूक माझी. पोरीने बरोबर लिहिलं होतं."

"मी तिला चार वेळा विचारलं होतं," सबनीस म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. "चारही वेळा तिने एकच उत्तर दिलं. म्हणाली, बाबा, मी घड्याळ बघून लिहिलंय. मग मी तिला म्हटलं, विजयकुमार काका खोटं बोलणार नाहीत, म्हणजे तू बोलतेयस. तुमच्याकडे यायला ती तयार नव्हती. मी हाताला धरून गाडीत बसवली."

सबनिसांनी फोन उचलला, मुलीचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बराच वेळ घंटी वाजली.

"हां पापा, जल्दी बोलो, लॅब में हूँ."

सबनिसांनी सांगितलं. फार कमी शब्दांत, वरिष्ठांना अहवाल द्यावा तसं. काका इथे बसलेत, घड्याळ त्यांचं चुकलं होतं, तू खरं बोलली होतीस. पलीकडून काही वेळ काचेची भांडी ठेवल्याचा आवाज येत राहिला.

"मुझे तो पता था, पापा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नई बात आपके लिए है."

"ओजू, मी माफी..." सबनीस म्हणू लागले.

"ठीक है. काकांना पण सांगा, ठीक आहे." मराठी शब्द तिने जपून, परक्या घरातली भांडी उचलावी तसे उचलले. "मम्मी को बोल देना, इस संडे भी नहीं आ पाऊँगी."

फोन बंद झाला. विजयकुमार घाईघाईने म्हणाले, "मी मंडळाला आजच लिहितो. लेखी देतो. सगळ्यांना कळलं पाहिजे."

"कोणाला लिहिणार? त्या वेळच्यांपैकी दोघं वारले, एक कॅनडात आहे. उरलेल्यांना विचारा, कोणाच्या लक्षातही नसेल." सबनिसांनी कागदांची घडी घालून ती त्यांच्याकडे सरकवली. "ते फक्त या घरात लक्षात होतं."

"अंबरीशराव, माझ्यामुळे..."

"तुम्ही यंत्रावर विश्वास ठेवलात. मी तुमच्यावर ठेवला. तिच्यावर ठेवायला घरात कोणी नव्हतं." मग आवाज न चढवता ते म्हणाले, "सात वर्षं ती तुटून आहे. आता तर घरी येत नाही, आली तर जेवायला थांबत नाही, माझ्याशी बोलताना घड्याळ बघते. मी मनाला एवढंच सांगत आलो, की चूक तिची होती, बाप म्हणून मी योग्यच वागलो. त्यावर माझं भागत होतं, विजयराव. तेवढंही आज तुम्ही घेऊन निघालात."