यान उतरण्याआधीच्या टाळ्या

आमच्या शाळेत चंद्रयान दुपारी बारा वाजता उतरलं. खरं उतरलं संध्याकाळी, पण शाळा पाचला सुटते आणि वरून निरोप होता, मुलांच्या जल्लोषाचे फोटो आजच ग्रुपवर टाका. मुख्याध्यापकांनी तोड काढली, जल्लोष आधीच उरकून घ्यायचा.

चांदूर बाजारजवळच्या या शाळेत मी विज्ञान शिकवते. निदान त्या दिवसापर्यंत मला तसं वाटत होतं. आठ दिवस सातवीच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. मजुरीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीनं तर मला भंडावून सोडलं होतं. चंद्रावर हवाच नाही तर पॅराशूट फुगणार कसं? मग यान थांबणार कसं? खाली तोंड करून पेटवलेलं इंजिन त्याला वर कसं रेटतं ते मी सांगितलं. मागचं यान अगदी शेवटी कोसळलं, तेही सांगितलं. उतरेपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं, शास्त्रज्ञांनासुद्धा नाही, म्हणून तर बघायचं, असं मी मोठ्या ऐटीत म्हणाले होते. पोरीनं ते मनावर घेतलं.

अमरावतीहून फ्लेक्स छापून आला. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे घमेल्याएवढे आणि चंद्र लिंबाएवढा. खाली ‘यशस्वी मोहिमेबद्दल हार्दिक अभिनंदन’. थर्मोकोलच्या रॉकेटला हार घातला, नारळ फोडला. मग गावातल्या दोन पाहुण्यांनी मुलांना उन्हात उभं ठेवून भाषणं ठोकली. एकानं तर यान सूर्यावर पाठवलं. मला शिसारी आली, तरी मोबाइल धरून मी उभी होतेच.

“टाळ्या!” मुख्याध्यापक ओरडले. सगळी मुलं नाचायला लागली. ती मुलगी हात खाली सोडून उभी राहिली.

“काहून वं, तुले का झालं?”

“सर, ते अजून उतरलं कुठी?”

“उतरते ना संध्याकाळी.”

“अन् नाई उतरलं तं?”

पाहुण्यांसमोर असं अशुभ बोललेलं मुख्याध्यापकांना झोंबलं. “मॅडम, हिले बाजूले घ्या. फोटो खराब करून राहिली.”

आणि मी घेतलं. दंड धरून तिला ओळीबाहेर नेलं, पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी फोटो काढत होते.

संध्याकाळी यान खरंच उतरलं. घरात सगळे टीव्हीपुढे ओरडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण दुपारची घाण त्यालाही चिकटलेली होती. ग्रुपवर आमच्या फोटोला तोवर भराभर अंगठे पडले होते.

पुढच्या आठवड्यात मी कोंबांचा प्रयोग दिला. ओल्या फडक्यात मटकी बांधायची, चार दिवस रोज उघडून पाहायची, दिसेल ते तक्त्यात लिहायचं. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी वही आणून दिली. चारही दिवसांचे रकाने भरलेले, कोंबांच्या लांबीसकट. तिचं फडकं अजून कोरडंच होतं.

“हे काय गं?”

“निघतेच ना मॅडम कोंब,” ती म्हणाली. “फोटो काढून घ्या.”

तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून सांगत होती. आठवडाभर मी मुख्याध्यापकांना मनातल्या मनात शिव्या घालत होते, पण तिला ओळीबाहेर नेणारा हात माझा होता. त्या हाताची मला किळस आली.

तिनं वही पुढे सरकवली. तक्त्याखाली, शिक्षकांच्या सहीसाठी, पट्टीनं रेघ मारून ठेवली होती.