आई वाचायची त्या गोष्टी

चंदीगडमधल्या आम्हा मराठी घरांची एक शिस्त होती. दिवाळी अंक सामायिक मागवायचे, आणि एकेक अंक प्रत्येक घरी दोन दिवस राहून पुढच्या घरी जायचा. तिसऱ्या दिवशी अंक कुणाच्या घरात सापडला तर बायका महिनाभर टोमणे मारत. आमच्या घराला मात्र चार दिवसांची सवलत होती, कारण मी आंधळी आणि आई मला अख्खा अंक मोठ्यानं वाचून दाखवायची. आंधळेपणाचे जे थोडे फायदे माझ्या वाट्याला आले, त्यांतला हा एक.

नऊ वर्षांची असताना तापात माझे डोळे गेले. त्यानंतर दहा वर्षं आईनं मला वाचून दाखवलं, बहुतेक वेळा हिवाळ्याच्या उन्हात, सरकारी क्वार्टरच्या अंगणात, मटार सोलता सोलता. त्या गोष्टींवर मी चारचौघांत मतं ठोकत फिरायचे. मतं ठोकायची मला लहानपणापासून हौस.

ती हौस एका संक्रांतीला नडली. आमच्याकडं हळदीकुंकू होतं आणि शेजारच्या नागपूरच्या काकूंशी मी एका कथेवरून बोलत होते. कथेतली मुलगी माझ्यासारखीच आंधळी. शेवटी ती एकटी पुण्याला जाते आणि टेलिफोन ऑपरेटर होते. मी ऐटीत म्हणाले, "मला तो शेवट फार आवडला, काकू. मीपण तेच करणार आहे."

"टेलिफोन?" काकू म्हणाल्या. "टेलिफोन कुठून आला गं त्यात? ती तर शेवटी..."

"तिळगूळ घ्या हो!" आई इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. मग हळूच म्हणाली, "हिचा दुसऱ्याच गोष्टीशी घोळ झालाय." काकू एकदम गप्प झाल्या. आमच्या सेक्टरात ही मोठीच घटना होती.

घोळ? आणि माझा? आठवडाभर मी धुमसत होते. नेमकं तेव्हाच विद्यापीठातल्या माझ्या सरांनी परदेशातून आलेलं एक यंत्र दहा दिवस घरी न्यायला दिलं. त्याचा चिमुकला कॅमेरा उजव्या हातानं छापील ओळीवरून सरकवायचा आणि डावं बोट यंत्रातल्या खाचेत ठेवायचं. तिथल्या बारीक पिना थरथरून कागदावरच्या अक्षराचा आकार बोटाला सांगत. थरथरताना त्या अशा गुणगुणायच्या की शेजारच्या खोलीत ऐकू जाई. इंग्रजीवर मी ग्रंथालयात दोन महिने हात बसवला होता. मराठी त्यावर कुणी वाचलं होतं का, हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

मला मात्र दहा दिवसांत ती एकच कथा वाचायची होती, मध्ये कुणालाही न घेता.

फेरी संपलेले अंक आमच्याच ट्रंकेत पडत. आई बाजारात गेल्यावर वडिलांनी तो अंक काढला, कथेचं शेवटचं पान उघडून दिलं आणि "यात माझं नाव येता कामा नये" असं बजावून ऑफिसला पळाले.

मराठी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ बोटाखाली एकसारखी गुणगुणत राहिली. आधी वैताग आला. मग कळलं, तीच रेघ धरून चाललं की कॅमेरा ओळ सोडत नाही. इंग्रजीत मी सारखी घसरायचे. पाटीवर गिरवलेली अक्षरं एकेक करून परत येऊ लागली. 'घ' की 'ध', 'भ' की 'म', यात सकाळ गेली. मग 'वि' आला, 'हि' आला, 'री' आला. पुढच्या ओळीत काठ होता, त्याच्या पुढं पाणी. टेलिफोन कुठंच नव्हता.

मला आईचा भयंकर राग आला. ज्या नोकरीच्या जोरावर मी काकूंपुढं मिरवले होते, ती आईनं मटार सोलताना मनानं रचलेली होती.

"आई, ती विहिरीत जीव देते," आई दारात असतानाच मी म्हणाले.

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "हं. लेखकाला काही सुचलं नाही. मला सुचलं."

"किती गोष्टींत केलंस असं?"

"लागलं तिथं केलं. प्रत्येक आंधळ्या पोरीला मेली विहीर, नाहीतर देवळाची पायरी! मी काय तुला तेच ऐकवत बसू?"

"मग सांगायचं तरी! तोंडघशी पडले ना मी."

"बरं बाई. आता यंत्र आलंय. तुझं तू वाच."

पिशवी उचलून ती आत गेली. पुढचे कितीतरी दिवस तिनं एक ओळ वाचून दाखवली नाही. मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

दहाव्या दिवशी, यंत्र परत करायच्या आदल्या संध्याकाळी, ती एक अंक घेऊन अंगणात आली. "ही एकाच पानाची आहे. वाचून दाखव. मला मटार सोलायचेत."

मी पहिलीतल्या पोरासारखी अडखळत वाचू लागले. दूर नोकरी करणारा मुलगा, दवाखान्यात त्याची वाट बघणारी आई. ऊन गेलं, गारठा आला, आई शेंगा फोडत राहिली. शेवटून दुसऱ्या ओळीवर माझं बोट थबकलं. 'आई गेली,' असं तिथं छापलं होतं. मी पुन्हा कॅमेरा फिरवला. तेच होतं.

मी कॅमेरा उचलला.

"आठव्या दिवशी आई बरी होऊन घरी आली," मी वाचलं. "आल्या आल्या तिनं चहा टाकला."

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"तुझं यंत्र केव्हाचं गप्प आहे," आई म्हणाली.

"पुढं ऐकायचंय की नाही?"

थोड्या वेळानं एक शेंग फुटली.

"वाच," ती म्हणाली. "चहात आलं घातलं का तिनं, बघ."