तनू पाळण्याला तयार आहे का?

हे कोणालाही सांगायचं नाही, असं मी कबूल केलं होतं. गळ्याला चिमटा घेऊन कबूल केलं होतं, आणि तनूच्या मते त्या शपथेला मुदत नसते. तरी लिहिते आहे. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असली तर नंतर बघू.

मी कमी बोलते. घरी पाहुणे आले की चहाचा ट्रे ठेवते आणि दाराजवळ उभी राहते. थोड्या वेळाने लोक मला विसरतात आणि खरं बोलायला लागतात. त्यामुळे आमच्या कोरगावच्या घरातले किस्से आपोआप माझ्याकडे जमत जातात. काजूच्या दिवसांत बोंडूचे डाग जसे प्रत्येक फ्रॉकवर जमतात, तसे. धुतले तरी जात नाहीत.

गेल्या वर्षाचे सगळे किस्से मात्र एकाच प्रश्नाचे आहेत. तनू पाळण्यावर बसायला तयार आहे का?

तनू माझी चुलत बहीण. वय नऊ. कुत्रा, फटाके, इंजेक्शन आणि गणिताच्या बाई यांना ती भिते. भाऊकाका तिचे पपा, बसवर कंडक्टर. कमलकाकी तिची आई. शेजारच्या खोल्यांत मी आणि माझे आईबाबा. एवढीच माणसं लक्षात ठेवायची आहेत.

*

सुरुवात मागच्या वर्षी झाली. म्हापशाच्या मैदानात मोठा पार्क आला होता. मोठा पाळणा, हलणारी होडी, ड्रॅगनची गाडी, सगळं. शुक्रवारचा बाजार करून आम्ही तिकडे गेलो. पाळण्याच्या एका डब्यात तिघं बसलो: भाऊकाका, तनू आणि मी.

पाळणा एकदा वर गेला. दुसऱ्यांदा वर गेला तेव्हा आमच्या डब्यातून आवाज आला, "उतरय रे! म्हाका उतरय!" म्हणजे, मला खाली उतरव! इतका बारीक आणि इतका मोठा आवाज की खाली भेळवाल्याचा हात थांबला. पाळणेवाल्याने अख्खा पाळणा थांबवला, उलटा फिरवला आणि आम्हाला पहिल्यांदा खाली घेतलं. वर अडकलेली माणसं आम्हाला काय काय म्हणत होती, ते मी लिहीत नाही.

खाली कमलकाकी धावत आली. "कोण गो ओरडला?"

"मी," तनू म्हणाली.

त्या दिवशी तिच्या वर्गातली रेश्मा रांगेत उभी होती. सोमवारपासून शाळेत तनूचं नाव 'उतरय' पडलं. हजेरीला बाई "तनुजा" म्हणत आणि मागच्या बाकावरून कोणीतरी "उतरय!" म्हणे. तनू "हजर" म्हणायची. दोन्हींना मिळून एकदाच.

यंदा पार्क पुन्हा येणार असं कळलं तेव्हा तनू पहिल्यांदाच स्वतःहून काही मागायला उभी राहिली. "म्हाका पाळण्यार बसूचा आसा. रेश्मा बघता तेव्हा. अजिबात ओरडनासताना."

भाऊकाका म्हणाला, "आधी बघूया, तयार आसा काय ती."

*

पहिली परीक्षा भाऊकाकाने स्वतः घेतली. त्याचं म्हणणं असं की ज्याला बसची मागची सीट सोसते त्यालाच पाळणा सोसतो. रविवारी त्याने तनूला म्हापशाच्या बसमध्ये अगदी शेवटच्या सीटवर बसवलं. मला शेजारी साक्षीदार म्हणून.

रस्ता खणलेला होता. ड्रायव्हरला भाऊकाकाने आधीच सांगून ठेवलं होतं की आज एकही खड्डा चुकवू नकोस. म्हाताऱ्या बायका शिव्या देत होत्या, एकीच्या पिशवीतले पाव उडून दुसरीच्या मांडीवर गेले. भाऊकाका दर खड्ड्यानंतर शिट्टी तोंडात धरून मागे वळून बघे.

म्हापसा आलं तेव्हा तनू गाढ झोपली होती.

"पास!" मी म्हटलं. मी सहसा बोलत नाही, पण साक्षीदार होते.

भाऊकाकाने तिच्याकडे नीट पाहिलं. "भियानपण झोप लागता गो," तो म्हणाला. "ह्याका पास म्हणूचा नाय."

*

माझे बाबा हायस्कुलात क्लार्क आहेत. कुठलीही गोष्ट कागदावर आली की सुटते, असा त्यांचा विश्वास आहे. त्यांनी फुलस्केपवर एक अर्ज तयार केला. प्रश्न मराठीत टाइप केले होते, तनूने उत्तरं कोकणीत दिली. आमच्या घरात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

'उंच जागी गेल्यावर चक्कर येते काय?' या प्रश्नापुढे तनूने लिहिलं, 'तुमी खंय वयर वचूंक दिता?' म्हणजे, तुम्ही कुठे वर जाऊ देता!

'भीती वाटल्यास काय कराल?' यापुढे लिहिलं, 'दोळे उकते दवरतलें.' डोळे उघडे ठेवीन.

बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तम अर्ज आहे. आता पालकांची सही."

अर्ज तीन दिवस भाऊकाकाच्या शर्टाच्या खिशात होता. परत आला तेव्हा सहीच्या जागी लिहिलेलं होतं, 'विचार चालू आहे.' खाली तारीख, आणि तिकीट पंच करायच्या यंत्राचं एक भोक!

*

शालूआत्या नार्व्याला असते आणि सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती माहेरपणाला आली तेव्हा भाऊकाकाने तिच्यापुढे केस ठेवली. "शालू, तू मेडिकल बाजूने बघ."

आत्याने तनूला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर बसवलं, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाली, "पाळणा."

तनू बघत राहिली.

"पाळणा वर चालला. आणखी वर. आता सगळ्यात वर जाऊन थांबला. डबा हलतोय."

"मगे?" तनू म्हणाली.

"नाडी आहे तशीच आहे," आत्या म्हणाली. "तुलना करायला आता मोठं माणूस पाहिजे. भाऊ, हात दे." तिने काकाचं मनगट धरलं. "पाळणा," ती म्हणाली. "पाळणा वर चालला."

मग तिने घड्याळ कानाला लावून बघितलं. पुन्हा नाडी धरली. पुन्हा घड्याळ कानाला लावलं.

"काय झाला?" कमलकाकीने विचारलं.

"काही नाही. घड्याळ जोरात पळतंय," आत्या म्हणाली, आणि भाऊकाकाला पाणी आणून दिलं.

*

शेवटी प्रकरण देवळात गेलं. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या मूर्तीला पाण्याने ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, विहीर, म्हशीची खरेदी, सगळं असं ठरतं.

"कोण आजारी आसा?" गुरवाने विचारलं.

"आजारी कोण नाय," भाऊकाका म्हणाला. "पाळण्याचा विचारूचा आसा."

गुरवाने पन्नास वर्षांत असा प्रश्न ऐकला नसावा. तरी त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकराक म्हापशाच्या पाळण्यार बसूचा आसा..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

उजवी पाकळी गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच पडली.

"वाऱ्यान पडली," भाऊकाका म्हणाला. "पंखो बंद करा."

पंखा बंद केला. पुन्हा उजवी पडली.

आता प्रश्न उरला की तनूसोबत बसायचं कोणी. मी पंधरा वर्षांची आहे, पण दोन पोरी मिळून एक मोठं माणूस होत नाही, असं घरात ठरलं होतं. भाऊकाकाने विचारायला लावलं, "तिच्या आवशीन बसूचा?" डावी पडली. कमलकाकीला रिक्षासुद्धा लागते, हे देवाला माहीत असावं. "माझ्या भावान बसूचा?" डावी पडली. बाबा म्हणाले, "योग्य निर्णय."

गुरव पाकळी ओली करत म्हणाला, "आता रवलो कोण?"

"रांव दे," भाऊकाका घाईने म्हणाला. "देवाक तरी किती त्रास देवचो!"

पण गुरवाने पाकळी लावली होती. ती उजवी होती, आणि तीही पडली.

*

शुक्रवारी आम्ही पार्कात गेलो. तनूने सकाळपासून नखं खाल्ली नव्हती, मी लक्ष ठेवून होते. रेश्मा तिच्या आईबरोबर लोखंडी कठड्यापाशी उभी होती. तिने तनूला बघून हाताने उतरण्याची खूण केली. तनूने मान वर ठेवली.

रांग पुढे सरकली. भाऊकाका चालत्या गाडीतून उडी मारणारा माणूस, पण त्या दिवशी दोन पावलं पुढे आणि एक मागे असा चालला होता. गेटवर पाळणेवाला उभा होता. बेळगावकडचा, मोठ्या आवाजाचा. त्याने तनूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग भाऊकाकाच्या खाकी शर्टाकडे बोट केलं.

"अहो कंडक्टर! तुमी खालीच थांबा बघू यंदा. गेल्या सालाला तुमच्यापायी आख्खा पाळणा उलटा फिरवलाय मी. लेकरू शांत बसलंय आणि ह्यो बाप्या बोंबलतोय, उतरय, उतरय! तसलं गिऱ्हाईक मी जन्मात इसरणार न्हाई."

रांगेतले लोक हसले. रेश्माची आई हसली. कमलकाकीने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

भाऊकाका खाली वाकून आम्ही डब्यात बसण्यासाठी काढलेल्या चपला गोळा करायला लागला.

"ह्या दोघीच बसूद्या," पाळणेवाला म्हणाला, आणि आमच्या मागे साखळी लावली. आमच्या चपला भाऊकाकाच्या हातात राहिल्या.

शपथ याचीच होती, हे आता लक्षात आलं असेल.

*

पाळणा वर गेला. तनूने अर्जात लिहिल्याप्रमाणे डोळे उघडे ठेवले होते. ओठ पांढरे झाले होते, पण डोळे उघडे.

"ताई, थंय बघ, आमची बस!" ती म्हणाली. खरंच स्टँडवर बस दिसत होती, काडेपेटीएवढी.

मग तिने खाली बघितलं. भाऊकाका कठड्यापाशी उभा होता, दोन्ही हातांत आमच्या चपला. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघत होते. रेश्मा त्याच्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी सांगत होती. तनूकडे कोणाचंच बोट नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा.

एक फेरी ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्या फेरीत आम्ही सगळ्यात वर पोचलो तेव्हा तिने विचारलं, "ताई, हांगाचो आवाज खाली ऐकू जाता?"

"जातो."

"सगळ्यांक?"

"मागच्या वर्षी गेला होता."

तिने थोडा विचार केला. मग दोन्ही हातांनी दांडा धरला, शाळेत कविता म्हणायला उभी राहते तशी ताठ बसली, श्वास घेतला आणि ओरडली.

"उतरय रे! म्हाका उतरय! पपा, उतरय!"

तिचा चेहरा मी अगदी जवळून बघत होते. त्यावर भीतीचं काही नव्हतं. ओरडून झाल्यावर माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "पुरे? की आनी एकदा?"

खाली लोक अजून भाऊकाकाकडेच बघत होते. म्हणून तिने आणखी एकदा ओरडून घेतलं.

खाली भाऊकाकाने चपला टाकल्या, खिशातली शिट्टी काढली आणि बस थांबवतात तशी जोरात मारली. "बंद कर! चेडू भियेला माझा, तनू भियेली!" त्याच्या आवाजात इतका अधिकार होता की पाळणेवाल्याने पाळणा थांबवला आणि उलटा फिरवायला घेतला. कमलकाकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवसाक हजार माणसां बघता तो. त्याका कसा आठवतला कोण ओरडलेला ता!" लोकांना ते पटलं. रेश्माची आई म्हणाली, "पोर ती. भियेतलीच." आणि रेश्मा म्हणाली, "उतरय!"

तनू डब्यातून उतरली. "पुढल्या वर्सा बघूया हां, पपा," ती म्हणाली.

"सांगलेला मगे," भाऊकाका सगळ्यांकडे बघत म्हणाला. "अजून तयार नाय ती." मग तो मातीत गुडघा टेकून बसला. तनूच्या चपला शोधल्या, पुसल्या आणि तिच्या पायांत घालायला लागला. पट्टा त्याला लागत नव्हता. मान वर न करता, फक्त आम्हा दोघींना ऐकू येईल असं तो

थांबा, भाऊकाका बाहेरून हाक मारतोय. इतका वेळ काय लिहितेस गो, असं विचारतोय. आले, आले, एवढं एकच वाक्य. तर तो तिला म्हणाला, "तनू, तू मागच्या वर्सापण तयार होतंस गो, मीच