मानाची सही

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तोंडानं मी फटकळ, पण पोलीस दिसला की माझी बोबडी वळते. पण आमच्या गावावर नेमलेला हा पोलीस कधी खाकीत यायचाच नाही. साधा शर्ट, पायात चपला, दुकानापुढच्या बाकावर चहा. गावात काय चाललंय ते वर कळवणं हीच त्याची नोकरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मुलाच्या पासपोर्टची चौकशी त्यानं एका फेरीत उरकली होती, म्हणून मला तो भला वाटायचा.

खाणीचे ट्रक शाळेच्या रस्त्यानं नेऊ नयेत, असा अर्ज गावातल्या तरुणांनी लिहिला. आमच्याकडे नारळ असो की अर्ज, पहिला मान देवळाच्या मानकऱ्याचा. मानकरी म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मीच कागद घेऊन घरी गेले. ते जेवत होते. हात धुतला आणि चष्मा न लावताच सही केली. खाली मग सगळ्या गावानं केली.

मी पंचायतीत द्यायच्या प्रती काढत असताना तो पोलीस बाकावरून म्हणाला, "वयनी, एक कॉपी चड काढ. नुस्ती म्हायतीखातीर."

मी ती जादा प्रत काढली. पिनसुद्धा मारून दिली.

पहिलं नाव म्हणजे म्होरक्या, असं वरच्यांनी धरलं. दोन दिवसांनी भरदुपारी पोलिसांची जीप आली. मामांना सदऱ्याला धरून अंगणातून ओढलं, जीपच्या दारावर त्यांचं डोकं आपटलं. मी मध्ये पडले, तर एकानं कोपर मारून माझा दात पाडला. चौकीत त्यांचा हात टेबलावर दाबून काठीनं ठेचला. अर्ज लिहिणाऱ्या पोरांची नावं सांग, म्हणत होते. अर्जात काय आहे हे ज्यांनी वाचलंही नव्हतं, ते मामा सगळं आपल्या सहीवर घेत एकच सांगत राहिले, "पयली सय म्हजी. विचारपाचें तें म्हाका विचारात." संध्याकाळी सोडलं तेव्हा दोन बोटं मोडली होती, कानातून रक्त येत होतं. गुन्हा नाही, वॉरंट नाही, साधं चिटोरं नाही. अजून आठवलं की माझं डोकं भडकतं.

अर्ज पंचायतीत दिला होता, म्हणून फितूर तिथलाच कारकून, असं गावानं ठरवलं. रविवारी देवळापुढे त्याला गाठलं. लाथा, बांबू. त्याचा ओठ फाटला, तो खाली पडला, आणि एकानं चिऱ्याचा तुकडा त्याच्या डोक्यावर उचलला. मी पायरीवर उभी होते. गप्प राहिले असते तर वाचले असते, हे मला पक्कं कळत होतं.

"सोडा ताका!" मी ओरडले. "त्या पुलिसाक कागद हांवें दिलो!"

चिरा खाली पडला. माझ्या अंगावर कुणी आलं नाही. हाताला प्लास्टर घातलेले मामा कठड्याला धरून उठले.

"ताणें पयशे दिले तुका?"

"ना."

"धमकी दिली?"

"ना, मामा."

"मागीर कित्याक दिलो?"

"ताणें मागलो. म्हूण दिलो."

चौकीत न रडलेले, हाडं बसवताना न कण्हलेले मामा तिथंच खाली बसले आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडले.