आहे ते संपवा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चोळी बेतताना कडेचे तुकडे उरतात, ते टाकवत नाहीत म्हणून बोचक्यात जातात, आणि एक दिवस बोचकं उघडलं की आपणच म्हणतो, अगं बाई, एवढं कधी साठलं? कल्याणात गोदूकाकूंच्या माजघरात आम्ही चारपाचजणी रोज दुपारी शिवायला बसायचो. त्या दिवसांचे किस्से माझ्याकडे असेच पडून आहेत. आज बोचकं सोडतेच.

* * *

आधी सगळ्याचं मूळ सांगते. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी काकूंना लोकरीचं विणकाम शिकवलं आणि काकूंना त्याचं वेडच लागलं. आमच्या कल्याणच्या हवेत अंगावर पंचा नकोसा होतो, आणि ही बाई लोकरीचे गुंडे जमवतेय! मुंबईहून कुणी येणार म्हटलं की काकूंची यादी तयार. लोकर, रेशीम, छिटाचे तुकडे. एक ट्रंक भरली, दुसरीही भरली.

काकूंचे यजमान अण्णा ठाण्याला कलेक्टर कचेरीत कारकून. एकदा पाहुण्यांसमोर कसलासा कागद काढायला म्हणून त्यांनी ट्रंक उघडली, तर गुंडे घरंगळत थेट ओसरीवर, पाहुण्यांच्या पायांशी. पाहुणे गेल्यावर अण्णांनी हुकूम सोडला.

"या घरात आता नवा दोरासुद्धा यायचा नाही. आहे ते संपवा. काही विकत आणलेलं दिसलं, तर ही बैठक बंद."

काकू एवढंच म्हणाल्या, "बरं. पण शब्द तुमचा आहे हं."

बैठक बंद झाली असती तर आम्ही बाकीच्या आपापल्या घरी पडून राहिलो असतो. यमूचं तसं नव्हतं. यमू ही काकूंची धाकटी जाऊ, माझ्याच वयाची. बाराव्या वर्षी नवरा गेला. तेव्हापासून अंगावर तांबडं आलवण, आणि चोळी नाही. विधवेने चोळी घालायची नाही ही रीत. आणि गंमत बघा, अख्ख्या आळीच्या चोळ्या शिवायची तीच. तिच्यासारखी टीप कुणाला यायची नाही. माझी चोळी शिवून झाली की ती आलवणावरूनच छातीशी धरायची आणि "माप बघतेय" म्हणायची.

एकदा दोघीच होतो तेव्हा म्हणाली, "गंगू, मला एकदा चोळी घालून उन्हात उभं राहायचंय. बास, एवढंच."

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

* * *

पहिला नंबर लोकरीचा. आळीतल्या पोरांची टोपडी विणून झाली, तेव्हा उरल्यासुरल्या लोकरीचे काकूंनी अण्णांसाठी पायमोजे विणायला घेतले. हिरवी लोकर एकाच पायापुरती निघाली, म्हणून दुसरा केला जांभळा. अण्णा घालेनात. काकू म्हणाल्या, संपवायचंय ना? थंडीचे दिवस, सकाळची गाडी, शिवाय जोड्यांच्या आत कुणाला दिसतंय, असा विचार करून ते घालून गेले बिचारे.

पण साहेबाच्या खोलीत शिरताना जोडे दाराबाहेर काढायचे असतात! इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस नेमका तेच विसरला. साहेब म्हणे बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत होता.

संध्याकाळी अण्णा जेवायला बसले. भात झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेबांच्या मडमेला असे दोन जोड हवेत. डावा जांभळा असू दे."

"लोकर संपली," काकू म्हणाल्या. "नवी आणायची नाही, तुम्हीच म्हणालात."

अण्णांनी ताक मागितलं.

* * *

मग आम्ही गोधड्यांकडे वळलो. जुनी लुगडी, धोतरं, फाटके पंचे, जे हाताला लागेल ते थरात घालत होतो. चार दिवसांनी अण्णा घरभर आपलं उपरणं शोधताहेत. दांडीवर नाही, खुंटीवर नाही. दुपारी त्यांचे मेहुणे आले, त्यांना काकूंनी टेकायला नवी गोधडी घडी करून दिली. मेहुण्यांनी सहज हात फिरवला आणि म्हणाले, काठ ओळखीचा वाटतो.

ते उपरणं चांगलं धडधाकट होतं. चूक आमचीच, आणि माझ्याच हातून झालेली. पण काकूंनी ती कबूल केली नाही. म्हणाल्या, पसरून पडलं होतं, आम्हाला वाटलं तेही संपवायचंय. त्या दिवसापासून अण्णा आपले कपडे स्वतः घडी करून ठेवू लागले. माझ्या मते आमच्या बैठकीने त्या घरावर केलेला हा सर्वांत मोठा उपकार.

* * *

खणवाला दर दोन महिन्यांनी गाठोडं घेऊन यायचा. काकूंनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला आणि सगळे खण एकेक करून उलगडायला लावले. आम्ही डोळे भरून बघितले. काकूंनी मान हलवली आणि म्हणाल्या, आता बांधा. तो हिरमुसला. गाठोड्याचं फडकं फाटलेलं होतं, तर यमूने तेवढ्यात आमच्या चिंध्यांतलं एक ठिगळ त्याला लावून दिलं. इतकं बेमालूम, की तो ते उजेडात धरून उलटसुलट बघत राहिला. जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही दुकान काढू नका, एवढंच मागणं आहे."

यमू त्या दिवशी हसली. फार दिवसांनी हसली.

* * *

कोलशेतकडून पारूबाई मीठ घेऊन यायची. खाडीतून होडीने माल आणायचा आणि दारोदार फिरायचं. एक गोधडी आम्ही तिला दिली. ती अंगणात बसून टाके न्याहाळत होती. हे कुणाचं काम म्हणून तिने विचारलं, आम्ही यमूकडे बोट दाखवलं. पारूबाईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आणि हिला गो चोली नाय?"

काकूंनी रीत सांगितली. पारूबाईने डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "माजा बी दादला मेला. माजी चोली काढाला कोन येतय त बगतंय!"

आम्ही सगळ्या हसलो. यमू हसली नाही. पारूबाई गेल्यावर तिने सुईत दोरा ओवला, पण शिवलं काहीच नाही.

* * *

वर्षभरात दोन्ही ट्रंका रिकाम्या झाल्या. उरलं फक्त खणांच्या कातरणांचं बोचकं. आमच्या सगळ्यांच्या चोळ्यांचे उरलेले तुकडे, तळहाताएवढाही एक नाही. यांचं काही होणार नाही, टाकून द्या, असं मीच म्हणाले. यमू म्हणाली, मला द्या. त्यानंतर ती काय शिवतेय ते तिने कुणाला दाखवलं नाही. काकूंनीही विचारलं नाही, आणि मला विचारू दिलं नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. गौर मांडलेली, आळीतल्या साऱ्या बायका माजघरात, अण्णा आणि आळीतले दोघे वडीलधारे ओसरीवर. अशा दिवशी यमूने मागच्या खोलीत बसायचं असतं, समोर यायचं नसतं.

आंब्याच्या डाळीचं ताट घेऊन यमू समोर आली.

आलवण तेच होतं. अंगात चोळी होती. हिरवी, जांभळी, चंद्रकळेसारखी काळी, पोपटी, लहान लहान तुकड्यांची, आणि टीप अशी की टाका कुठे आहे ते कळू नये. कुणीतरी म्हणालं, हा माझ्या डोहाळजेवणाचा खण. दुसरीने खांद्यावर आपला ओळखला. माझा पाठीवर होता. एक म्हातारी पन्हं तसंच ठेवून उठली आणि निघून गेली. बाकी कुणी हललं नाही.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. त्यांनी काकूंना विचारलं, "ही चोळी हिला कुणी आणून दिली?"

काकू तोंड उघडणार तेवढ्यात यमू बोलली. इतक्या वर्षांत तिला अण्णांशी समोरासमोर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आणलेली नाही, भावजी. होतं ते संपवलं."

तिने ताट खाली ठेवलं, अण्णांच्या बाजूने ओसरी ओलांडली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. दुपारचं ऊन अजून उतरलं नव्हतं. फरशी तापलेली, पाय अनवाणी. बराच वेळ उभी होती.