साडूंची अमेरिकन शाळा

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये राहून मराठीतून अमेरिकेच्या शाळा सुधारणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दिवसभर ते दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितात, उरलेला जन्म अमेरिकेतल्या शिक्षणाच्या इतिहासाला वाहिलेला. अमेरिकेत त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथल्या जुन्या एकखोली शाळेत शेगडीसाठी लाकडं कोण आणायचं, हे ते घरचं असल्यासारखं सांगतात. गणपतीत आमच्याकडे मोदक गार होत होते आणि यांचं व्याख्यान रंगलं होतं. माझी बायको त्यांना म्हणाली, "अहो, आधी खाऊन तर घ्या." तर म्हणतात, "गेनाऊ, अगदी बरोबर! शाळेत जेवण मिळायला लागलं, तेव्हाच तिथली गरीब मुलं टिकली." त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे गावातल्या सगळ्यांच्या करातून चालणारी, सगळ्यांच्या मुलांची एकच शाळा. काळ्या मुलांना त्याच शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं, हे सांगताना मात्र ते खरोखरचे चिडतात.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी रेवा चौथीत होती. बव्हेरियात चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात. गुण चांगले असले तर विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, नाहीतर दुसरी शाळा. रेवाचे गुण थोडे कमी पडत होते. साडूंनी कंबर कसली. वर्गाच्या बाईंना भेटायला दहा मिनिटं मिळतात. हे जाडजूड फाइल घेऊन गेले, साक्षीदार म्हणून मलाही नेलं. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यापर्यंत पोचले तेवढ्यात वेळ संपली. रेवाचं नावही निघालं नव्हतं. त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली, मग त्याच्या पुढच्याही. चौथ्या भेटीत बाई शांतपणे म्हणाल्या, "आल्झो, बरं तर, रेवाबद्दल काही बोलायचंय का?"

साडूंनी फाइल मिटली. मग म्हणाले, "दहा वर्षांच्या पोरीचं पुढचं आयुष्य आत्ताच ठरवू नका, एवढंच."

बाई म्हणाल्या, "गुण मला बदलता येत नाहीत. गिम्नाझियममध्ये तीन दिवसांचे चाचणीवर्ग असतात, तिथे ती बसू शकते. पण तुम्ही रेवाला विचारलंत का?"

शंभर-दीडशे वर्षांतल्या शिक्षणतज्ज्ञांची मतं पाठ असलेल्या या गृहस्थांनी तेवढं विचारलं नव्हतं. घरी येऊन विचारलं. ती बसते म्हणाली. तिन्ही दिवस साडू रजा टाकून शाळेसमोरच्या बसथांब्यावर उभे होते. थोडक्यात हुकलं. रेवानं निकालाचं पत्र स्वतः वाचलं, "पास्ट श्योन," म्हणजे चालतंय, असं म्हणाली आणि सायकल काढून खेळायला गेली.

मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. पुढेही वाटा आहेत."

पत्राची घडी घालत ते म्हणाले, "मी दहावीपर्यंत ड तुकडीत होतो. वर्गात पाऊल टाकण्याआधी सर दाराशी उसासा टाकायचे. बाकावर ऐकू यायचा. तिला तो ऐकू येऊ नये, एवढंच होतं हो."

सप्टेंबरात नव्या शाळेत पालकसभा झाली. मेहुणी कामावर होती, म्हणून मी बरोबर गेलो. प्रत्येकानं उभं राहून आपली ओळख करून द्यायची होती. आता अमेरिका येणार म्हणून मी सावरून बसलो. साडू उठले, म्हणाले, "मी रेवाचा बाबा," आणि खाली बसले.