एकोणीस नाकं

मावशी गुडघ्यांवर बसून, टॉर्च काचेवर तिरका धरून नाकं मोजत होती.

"सतरा... अठरा... हे नाक की हनुवटी?"

"नाक," मी म्हटलं.

"तुला नाही विचारलं. तू माझ्या बाजूची. काका, तुम्ही सांगा."

सफाईवाले काका फडकं खांद्यावर टाकून वाकले. "नाकच आहे ताई. खाली शेंबडाची रेघ आहे बघा."

"मग एकोणीस."

म्युझियम बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि पूर्ण आठवड्यात एकोणीस नाकं. माणसाला वस्तू खरंच आवडली की तो काचेला नाक लावतो, हे मावशीचं शास्त्र. अभिप्रायाच्या वहीत लोक "स्तुत्य उपक्रम" लिहून सटकतात. नाक खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आधी ती कापडाच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना कपडे घालायची आणि मग समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची. कोण थांबतंय, कोण नुसतं पुढे जातंय, बघत. मालकाला वाटायचं, बाई कामचुकार आहे. म्युझियममध्ये लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने "हात लावू नका"च्या सगळ्या पाट्या काढल्या. उलट्या करून, खाली पाय ठोकून, पोरांना उभं राहायला पायऱ्या केल्या. साहेबांनी विचारलं, पाट्या कुठायत? म्हणाली, "आहेत की. आत्ता कुठे उपयोगाला आल्यात."

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरी सगळे डोक्याला हात लावून बसले. मावशीने माझ्या हातात पाना दिला. तेव्हापासून तिच्या डोक्यात जे काही फिरतं, उघडतं, ओढलं जातं, ते मी बनवते. आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे दुरुस्तीची खोली. बारा काचेच्या पेट्या. प्रत्येकीत घरातली एक जुनी वस्तू, कधीतरी मोडलेली आणि घरातल्याच कुणीतरी जोडलेली. तारेने टाचलेला कप. दोऱ्याने बांधलेला चष्मा. कोटाची बटणं चाकं म्हणून लावलेली खेळण्यातली गाडी. बाहेरून हँडल फिरवायचं, आत वस्तू गोल फिरते, जोड कुठे आहे तो आपण शोधायचा. पहिलं हँडल मीच तपासलं. स्प्रिंग उलटी बसली होती, हँडल गर्रकन फिरून माझ्या नाकावर आलं. मावशी तेव्हापासून मला "वाकडे" अशी हाक मारते.

"पण लेबल कुठाय?" साहेबांचं रोजचं.

"लेबल लावलं की माणूस वाचतो आणि सुटतो."

साहेबांना हवे होते पडदे. बोट लावलं की चित्र हलणारे. त्यांनी शेजारच्या खोलीत आठवडाभर दोन लावून बघितले. शनिवारी समिती येणार, ज्या खोलीत लोक जास्त रमले ती ठेवणार. मावशीची खोली हरली तर पेट्या उखडून गोदामात. मावशीने एकच अट घातली: आठवडाभर काच पुसायची नाही, समितीने नाकं आपल्या डोळ्यांनी बघायची. साहेब हसले आणि हो म्हणाले.

आठवडा निघाला परीक्षांचा. एका शाळेची सहल नाही. पडद्याचा आकडा तीनशे बारा. त्याच्यावर माशी बसली तरी तो मोजायचा, मी उभी राहून बघितलंय. एक माशी तर नऊ वेळा आली, फार रस होता तिला.

"एकोणीस तर एकोणीस," मावशी उठली. "खरी आहेत." पर्स घेतली आणि गेली. डबा टेबलावरच राहिला. डबा ती कधी विसरत नाही.

कुलूप लागायच्या आत मी परत खोलीत शिरले आणि नाकं लावली. वाकून लावली, गुडघ्यांवर लावली, पायरीवर चढून, चवड्यांवर उभं राहून. पोरगं मी, म्हातारी मी, ताडमाड बाप्याही मीच. एकेचाळीस. नाकाचं साल निघालं. लाज? अजिबात नाही.

सकाळी काचा लख्ख. एकेचाळीस गेली, एकोणीसही गेली.

काका नळाला बादली लावून उभे होते. "तुम्ही पुसल्यात?" मी विचारलं.

काका पाण्याकडे बघत राहिले.

"साहेबांनी सांगितलं ना? इतकी वर्षं तिच्या थर्मासमधला चहा पिता आणि..." पुढचं लिहिलं तर कुणी छापणार नाही.

"वाकडे, पुरे," मागून मावशी म्हणाली. "पुसली तर पुसली."

समिती आली. दोन बापे आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्कर बाई. साहेबांनी तीनशे बारा दाखवले. मग आमच्या खोलीत येऊन बाईंनी विचारलं, "तुमचा आकडा?"

"नाही," मावशी म्हणाली. "काच पुसली गेली."

साहेब छताकडे बघायला लागले.

"मग आम्ही बघायचं काय?"

"कप बघा. त्याला जोड आहे."

बाईंनी हँडल फिरवलं. परत फिरवलं. पर्स साहेबांच्या हातात दिली, चष्मा कपाळावर ढकलला आणि उलट्या पाटीवर चढल्या. नाक काचेला टेकलं.

"एक," मावशी म्हणाली.

"अहो थांबा हो, सापडतोय आता!"

पलीकडे दोघे बापे, गाडीला बटणं चार आहेत की पाच, यावरून भांडत होते.

खोली राहिली. पडदेही राहिले, साहेबांचंही नाक राखायला हवं.

काकांशी मी दोन वर्षं बोलले नाही. ते आले की मी उठायचे. "बोल की गं त्यांच्याशी," मावशी म्हणायची. मी म्हणायचे, तू विसर, मी नाही विसरणार.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनीच मला नळापाशी गाठलं.

"पोरी, काचा मी नाही पुसल्या. तुझी मावशी सकाळी साडेसातला आली, टॉर्च लावला आणि पोट धरून हसत सुटली. 'काका, ही एकेचाळीस माणसं बघा, सगळ्यांचं नाक डावीकडे वाकडं!' मग हसायची थांबली. म्हणाली, आता माझी एकोणीस तरी कोण खरी मानेल? माझ्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि बाराही पेट्या पुसल्या. आणि मला शपथ घातली, पोरीला सांगायचं नाही म्हणून."